अर्ध्या गोळीची मोहीम

समस्त वाचकांस दंडवत. कोणी म्हणेल, बखर लिहावी ती किल्ले घेतलियाची, गोळी गिळलियाची काय लिहिता? त्यास उत्तर इतकेच की, किल्ले घेणारांस साहेबरावांना गोळी गिळवावी लागली नव्हती. सबब जैसे घडले तैसे लिहितो, पदरचे काही घालीत नाही.

खासे साहेबराव, वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षे मुकादम, वय चौसष्ट, मिजास अठ्ठाविसाची, यांची बायपास छत्रपती संभाजीनगरी एका इस्पितळात सुखरूप पार पडली आणि रावांस वाटले, जंग जिंकली. मग डॉक्टर इंद्रजीत यांचे फर्मान सुटले की, खरा गनीम पुढेच आहे. दुसऱ्या दिवसापासून चौथ्यापर्यंत तो हृदयाचा ठेका बिघडवू पाहतो, आणि ठेका बिघडून राहिला तर आत रक्ताची गुठळी होऊन मेंदूवर चालून जाऊ शकते. सबब सकाळ-सांज अर्धी गोळी द्यावी, एकही वेळ चुकवू नये. या कामी सिस्टर दीपमाला नामजाद जाहल्या.

आता राव म्हणजे हाटेलात जन्मात हाफ चहा न सांगितलेले. अर्धी गोळी पाहताच मस्तकी तिडीक गेली. अख्खी छाती उघडली आणि गोळी अर्धी? ही बेअदबी! मग त्यांणी आपले अकलेने मसलत केली की, सकाळची अर्धी गालात दाबावी, आणि सिस्टरांची पाठ वळताच चष्म्याचे डबीत टाकावी, आणि सांजेची आली म्हणजे दोन्ही मिळून इभ्रतीने अख्खी घ्यावी. काय म्हणावे या डोक्याला!

तिसरे दिवशी दोन प्रहरी, खाटेशेजारील यंत्राचे पडद्यावर हृदयाचा ठेका दाखविणाऱ्या रेघेने चार वेळा वेडीवाकडी उडी घेतली आणि कशीबशी पुन्हा रांगेत आली. दीपमालाबाई धावल्या आणि डॉक्टरही आले आणि बुचकळ्यात पडले की, गोळी चालू असता गनीम दारात कैसा? इतक्यात रावांचे कुटुंब लीलाबाईसाहेब यांणी चष्मा पुसावा म्हणून डबी उघडिली, तो आत अर्धी गोळी.

"काका, ही सकाळची ना?" सिस्टर गरजल्या. राव छताकडे पाहू लागले.

लीलाबाईसाहेब ओरडल्या नाहीत. खाटेची कड धरून इतकेच बोलल्या, "अवो, तुमची इज्जत ऱ्हाईल, पर मी कुठं जाऊ? मला लई भ्या वाटतंय." चाळीस वर्षांचे संसारात हे बोल त्यांचे तोंडून प्रथमच निघाले. येथे आम्हांसही लेखणी खाली ठेवावी लागली, खोटे कशास सांगू.

रावांचा सारा तोफखाना थंड जाहला. डॉक्टरांचा हुकूम घेऊन अर्धी गोळी, अर्धीच, जिभेवर ठेवण्यात आली. सिस्टरांनी गाल तपासिले, जीभ उचलविली, आणि गोळी पोटी रवाना जाहल्याची खातरजमा केली. तेथून पुढे सकाळ-सांज हाच रिवाज पडला. चौथा दिवस गेला, पाचवाही गेला, आणि गनीम वेशीवरून तोंड काळे करून माघारी गेला.

सहावे दिवशी छातीवरच्या तारा निघाल्या तो लीलाबाईसाहेब घाबऱ्या जाहल्या की, आता पडदा नाही, तर ठेका नीट आहे हे मला कळायचे कसे? मग दीपमालाबाईंनी त्यांची बोटे रावांचे मनगटी ठेवून, घड्याळाकडे पाहत एक मिनिट नाडी मोजणे शिकविले.

येणेप्रमाणे ठेका एकसारखा, गुठळी नाही, खासे सलामत, ऐसी मोहीम फत्ते जाहली, ते नमूद केले असे. ज्या बाईंनी चारचौघांत नवऱ्याचा हात कधी धरिला नव्हता, त्या भरल्या वॉर्डात धरून बसल्या. मिनिट सरले, पाच सरली.

"झालं का मोजून?" राव म्हणाले.

"नाय अजून," बाईसाहेब म्हणाल्या.