डिक्शनरीपायी सुटलेला चहा

"सासूबाईंना अर्धवट काही सांगू नकोस हो, शांते! राहिलेलं अर्धं त्या आपल्या मनानं करतात!" रोह्याच्या दिनानाथ मास्तरांनी लग्नातच लेकीला बजावलं होतं. शांती नुसती हसली होती. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेल्या मुलीला एक सासू जड जाणार?

मग सासरी पेणला एका दुपारी, दोन वर्षांच्या लेकीच्या, पुतळीच्या तोंडातून पेनाचं टोपण काढता काढता तिनं पेपरात वाचलं, की विलायतेतली मंडळी इंग्रजी डिक्शनरीत दरसाल नवे शब्द घालतात.

"आई, तुमचं मिरगुंड त्यात घालून दाखवते!"

सासूबाईंची, म्हणजे ठमाबाईंची, पोह्याची मिरगुंडं तळताना अशी फुलत, की कढई अंग चोरून बसे. झारा तसाच धरून त्यांनी विचारलं, "कुनाला भेटावं लागंल?"

"भेटून नाही होत. पुष्कळ लोक तो शब्द वापरतात, याचा पुरावा लागतो."

"म्हंजी साक्षीदार!"

"तसंच काहीसं, पण..." एवढ्यात पुतळीनं अख्खं पेनच तोंडात घातलं. शांती धावली आणि 'पण'च्या पुढचं राहून गेलं.

संध्याकाळी ओटीवर महिला मंडळाच्या चाळीस बायका हजर! वर ठमाबाईंनी गणपतीपुढं नारळ ठेवून जाहीर केलं, "शब्द बुकात चढंपरेंत चहा सोडला!"

दिवसाला आठ कप पिणारी बाई!

इंग्रजी येणारी एकटी शांती. डिक्शनरीवाल्यांना चाळीस पत्रं तिनंच लिहिली, शाई बदलून बदलून. शेवटची सहा तर डाव्या हातानं! खाली बायकांचे अंगठे.

दोन महिने ठमाबाई कपाळाला फडकं बांधून घरभर फिरल्या. चहाचं नुसतं आधण ठेवलं तरी घर चिडीचूप. मग उत्तर आलं: आभार! मात्र चाळीस भगिनींचं अक्षर इतकं सारखं कसं?

"अंगठे येगळे हायत की!" ठमाबाई कडाडल्या.

"आई, त्यांना पत्रं नकोत. इंग्रजी मजकुरात तो शब्द आपसूक छापून आलेला हवा. ठिकठिकाणी, वर्षानुवर्षं."

"किती वर्सं?"

"सात-आठ तरी..."

"बरं," म्हणून ठमाबाईंनी मिरगुंडांचा डबा उचलला आणि थेट रोह्याची गाडी धरली. तिथं मास्तरांच्या एका विद्यार्थ्याचा छापखाना होता.

आठवड्यानं मास्तरांचं कार्ड आलं. 'विहीणबाई रोज छापखान्यात ठाण मांडून असतात. रोह्यात आता प्रत्येक लग्नपत्रिकेखाली इंग्रजीत छापतात, की जेवणात मिरगुंड आहे. काल एका लग्नात ते नव्हतं. वऱ्हाड पानावरून उठलं. चहा अजून बंद. मी तुला सांगितलं होतं.'

पुतळीला खोकला असल्यानं शांतीला घर सोडवत नाही. तेव्हा वाचकहो, रोह्याला जाणं झालं तर मास्तरांच्या घरी जरा डोकावा. ठमाबाईंना बरं आहे ना, घोटभर तरी चहा घेतला का, तेवढं कळवा. ही गोष्ट मात्र त्यांना दाखवू नका. इतक्या वेळा मिरगुंड आलं, तेही छापून, आणि सगळं मराठीत!