अडीच वाजताचे इंगोले भाऊ

तुमच्या घरात मुलाने दूध सांडलं, तर चूक कुणाच्या नावावर जाते? मुलाच्या? की आईच्या, कारण ‘तिचं लक्ष कुठे असतं’? आमच्या समोरच्या फ्लॅटमधले इंगोले भाऊ ती स्वतःच्या नावावर लिहितात. खरोखर लिहितात. त्यांच्या फ्रिजवर बेसबॉलचा स्कोअर मांडायचा कागद चिकटवलेला आहे. त्या खेळात सोपा चेंडू सुटला, की ज्याच्या हातून सुटला त्याचा क्रमांक चुकांमध्ये लिहितात. भाऊंचा क्रमांक दोन, म्हणजे मागे बसून सगळं मैदान बघणारा कॅचर. कागदावर वरपासून खालपर्यंत दोन, दोन, दोन.

“अहो, दूध नीरजने सांडलं,” मी एकदा म्हटलं.

“तो दीड वर्षाचा आहे, ताई. ग्लास टेबलाच्या काठाले कोणं ठेवला? सोपा चेंडू होता.”

भाऊ मूळचे अमरावतीचे. सुनीतावहिनी नर्स, बारा-बारा तासांची ड्युटी. नीरज झाल्यावर दोघांपैकी एकाने घरी राहायचं ठरलं, तेव्हा भाऊंनी अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडली. आमच्या दुबईच्या इंटरनॅशनल सिटीतल्या मराठी मंडळींना हे अजून पचलेलं नाही.

“सध्या काय करता?”

“बेसबॉलवर लिहितो. पोरं पाहतो.”

“ते झालं हो. पण काम?”

चळवळीतल्या घरात, मोर्च्याच्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसून मी बाराखडी शिकले, त्यामुळे अशा प्रश्नाला चार पानी उत्तर माझ्या तोंडात तयार असतं. मूल सांभाळणारी बाई घर सांभाळते आणि तेच करणारा पुरुष रिकामा, हे ठरवलं कुणी? भाऊ मात्र खिशातून रुमाल काढतात. नीरजचं नाक पुसतात.

त्यांचं लिहिण्याचं टेबल म्हणजे इस्त्रीचं टेबल, कारण नीरजचा हात तिथवर पोचत नाही. उभ्यानेच लिहितात. पोरांना आंघोळ घालताना वाक्य सुचलं, तर ओवीच्या खडूने बाथरूमच्या टाइलवर लिहून ठेवतात. ओवी पाच वर्षांची. ती विचारते, “पप्पा, व्हॉट इज धिस?”

“चौथं प्रकरण. पाणी नको उडवू, बापा.”

भाऊंच्या बेसबॉलच्या पुस्तकाचं हे चौथं प्रकरण वर्षभर अडून होतं. भाऊंच्या शाळेत बेसबॉलचा पहिला संघ निघाला, तेव्हा ग्लोव्ह विकत मिळत नव्हते. गावातल्या एका चप्पल शिवणाऱ्या कारागिराने जुन्या दप्तरांचं चामडं कापून नऊ ग्लोव्ह शिवले. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्याचं नाव शाळेच्या फलकावर आहे. त्या कारागिराचं कुठेच नाही. ते ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता, भाऊंचे पीटीचे शिक्षक खोडे सर. आणि सरांच्या घशाचं ऑपरेशन गुरुवारी होतं. नंतर आवाज राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

सरांचा घसा दुपारच्या झोपेनंतरच थोडा मोकळा व्हायचा, तिकडच्या चार वाजता. तेव्हा दुबईत अडीच. आणि ओवीची स्कूलबस येते दोन चाळीसला. केजीचं मूल घ्यायला खाली कुणी नसेल, तर बसमधली आंटी त्याला उतरवत नाही. परत शाळेत नेते.

मंगळवारी भाऊ सरांना फोन लावून, नीरजला कडेवर घेऊन अडीचलाच खाली उतरले. गेटपाशी आवाज तुटत होता, म्हणून इमारतीच्या कोपऱ्यावरच्या ग्रोसरीच्या दुकानापाशी गेले. मी त्या दिवशी घरून काम करत होते. बाल्कनीतून पाहिलं तर भाऊ एका हाताने फोन कानाला धरून दुसऱ्या हाताने नीरजला पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगावरून खाली ओढत होते. पलीकडे, गेटपाशी, बस येऊन थांबली होती. मी हाक मारली. मग लिफ्ट सोडून जिन्याने पळाले. खाली पोचेपर्यंत बस गेली होती.

आंटीने भाऊंना तीनदा फोन केला होता. भाऊंनी तीनदा तो घेतला नव्हता. मला पाहून त्यांनी रिकाम्या गेटकडे बघितलं आणि सरांचा फोन वाक्याच्या मध्येच तोडला.

आम्ही टॅक्सी केली. ड्रायव्हरने एकदा “इन्शाल्ला, दस मिनट” म्हटलं, तेवढंच.

ओवी शाळेच्या रिसेप्शनमध्ये दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. “पप्पा, यू आर लेट. आय गॉट अ बिस्किट.” भाऊंनी तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, जणू काही मोडलंय का ते तपासतायत.

रिसेप्शनच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं? वडील, आई, आणि तिसरा रकाना कोरा. “सर, दो साल से बोल रही हूं. एक नाम और दीजिए.”

“देता हूं,” भाऊ म्हणाले आणि फॉर्म घडी घालून खिशात टाकला.

संध्याकाळी ते माझ्या दारात आले, पहिल्यांदाच. हातात फोन. “ताई, रेकॉर्डिंग ऐकता का? माह्या डोक्यात तेव्हा काही शिरलं नाही. सरांनी नाव सांगितलं का, तेवढंच पाहा.”

मी दोनदा ऐकलं. नाव नव्हतं. दप्तरं होती, चामड्याचा वास होता, कुठल्याशा पंचाला दिलेली शिवी होती. आणि मध्येच सरांचा घोगरा आवाज, “पोरगं रडून राह्यलं बे. घरी कोणी नाही का तुह्या?”

“आहे ना सर,” भाऊ म्हणत होते. “शेजारपाजार लय चांगला आहे. तुम्ही बोला.”

आमच्या मजल्यावर दोनच मराठी दारं आहेत. त्यांचं आणि माझं. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि दुनियेला एकजूट शिकवणाऱ्या मीही कधी विचारलं नव्हतं.

“फॉर्म आणा,” मी म्हटलं.

“कायले त्रास, ताई.”

“आणा.”

मी तिसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं. भाऊ बराच वेळ त्या कागदाची घडी अंगठ्याने सपाट करत राहिले.

बुधवारी दोन चाळीसला मी गेटपाशी उभी होते. ओवीला घेऊन वर आले, तर भाऊंचं दार उघडंच. नीरज खांद्यावर झोपलेला. फोनमधून सर अजून हळूहळू बोलत होते. इस्त्रीच्या टेबलावरच्या वहीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, सदाशिव. आडनाव सरांनाही आठवलं नव्हतं. भाऊ त्या अक्षरांवर पुन्हा पुन्हा पेन फिरवत होते.

आता तुमच्याकडे मागणं आहे. हे वाचून झालं, की समोरच्या दाराची बेल वाजवा. तिथे लहान मूल असेल, तर त्याच्या शाळेच्या फॉर्मवर तिसरं नाव कुणाचं आहे ते विचारा. “बघू नंतर,” असं उत्तर आलं, तर पेन तुमचं काढा.