म्हातारी, नवरी आणि भंगाळेकाका

रविवारी सकाळी बेल वाजली की मी दार उघडायच्या आधीच आतून सांगायची, "नाही आला." बाहेर भंगाळेकाका उभे असायचे आणि त्यांचा प्रश्न मला पाठ होता. "मॅडम, खरं सांगा भो. वास आला का?" नाही म्हटलं की धडाधड जिना उतरायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा दारात हजर. हो म्हटलं तर त्याहून पंचाईत. कोणता आला, म्हातारीचा की नवरीचा, सालीचा की गराचा, स्वयंपाकघरापर्यंतच आला की पार झोपायच्या खोलीत, अशी उलटतपासणी सुरू. आठवड्यात एक दिवस मिळायचा मला उशिरा उठायला, त्याचीही अशी माती व्हायची.

म्हातारी आणि नवरी म्हणजे गॅसवरच्या दोन ग्रिल. वरती जाळी, खाली गॅस, त्यावर कणसं भाजा, पनीर भाजा नाहीतर कोंबडी. काकांना मात्र फक्त वांगी भाजायची असायची. माणूस जळगावकडचा. भरताचा विषय निघाला की बाकी जग त्यांच्या लेखी संपायचं.

मी मूळची साताऱ्याची, चंदीगडला एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला आलेली. काका सेक्टर ३९मधल्या सरकारी संशोधन संस्थेत यंत्रांच्या देखभालीवर होते. आम्ही एकाच घरमालकाचे भाडेकरू. मी वर, ते आणि काकू खाली. खालच्यांना मागचं अंगण मिळालेलं. तिथे त्यांनी गावाहून बी आणून हिरवी, पांढुरक्या रेघांची, बाळाच्या डोक्याएवढी वांगी लावली होती. चंदीगडच्या मंडईतलं जांभळं वांगं त्यांना पाहवत नसे. "ते शोभेचं आहे," म्हणायचे.

काकांना स्वस्थ बसणं ठाऊक नव्हतं. चहा उभ्यानं प्यायचे. आपल्याशी बोलता बोलता आपल्याच घरातला नळ घट्ट करून टाकायचे. टीव्हीवर बातम्या लागल्या की अँटेना हलवायला गच्चीत जायचे आणि परत येईपर्यंत बातम्या संपलेल्या असायच्या. प्रत्येक गोष्टीला "काबरं?" विचारायचे. धोब्याला, पोस्टमनला, एकदा तर वाहतूक पोलिसालासुद्धा. पोलिसानं लायसन मागितलं आणि हे म्हणाले, "काबरं भो?" मराठीतून. तो बिचारा इतका गोंधळला की त्यानं यांना जाऊ दिलं.

अशा माणसाच्या आयुष्यात एक्क्याण्णव सालानंतर बाजार उघडला. आधी बरं होतं. स्कूटर एक, तिच्यासाठी नंबर लावा आणि वाट बघा. आता सेक्टर बावीसमध्ये गेलं की एका भिंतीवर दहा तऱ्हेचे मिक्सर. काका मिक्सर घ्यायला गेले ते घरून भिजवलेली हरभऱ्याची डाळ घेऊन. प्रत्येक भांड्यात मूठ-मूठ डाळ वाटून पाहिली, बोटांत धरून चोळली, तोंडात टाकली. दुकानदार सरदारजी गमत्या होते, त्यांनी त्या वाटलेल्या डाळीचे शेजारच्या हलवायाकडून पकोडे तळून आणले आणि गिऱ्हाइकांना वाटले. तेव्हापासून दोघांचं मेतकूट जमलं.

म्हातारी त्याच्या आधीची. संस्थेत कॅनडाचे एक शास्त्रज्ञ पाहुणे म्हणून आले होते, जाताना ती काकांना देऊन गेले. काकांनी त्याआधी भटिंड्याकडून बसच्या टपावर टाकून कपाशीच्या वाळक्या काड्या आणल्या होत्या, कारण जळगावला भरताची वांगी त्यावरच भाजतात. अंगणात जाळ केला तर घरमालकानं अंगणच काढून घ्यायची भाषा केली. मग ही ग्रिल आली. तिच्या जाळीखाली काळे, भोकाभोकांचे दगड पसरलेले. वांग्याचं पाणी त्या तापल्या दगडांवर पडलं की चर्र होऊन असा धूर उठायचा की माझे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला टाकावे लागत. मी भांडायची. काका ऐकून घ्यायचे आणि संध्याकाळी वाटीभर भरीत आणून द्यायचे. भरीत खाल्ल्यावर भांडण पुढे नेता येत नाही, ही माझी मोठी अडचण होती.

नवरी आली ती एक्स्चेंज ऑफरमध्ये. जुनी द्या, नवी न्या. सरदारजी म्हणाले, "अंकलजी, ले जाओ, चला के देखो, पसंद आए तो रख लेना." ही चकचकीत, लाल झाकणाची. झाकणावर तापमानाचा काटा. काडी नको, काही नको, बटण दाबलं की टक्‌ करून पेटते. दगड मात्र नाहीत. त्यांच्या जागी पत्र्याच्या पट्ट्या. वांग्याचं पाणी त्यावरून घरंगळत खालच्या ताटलीत जातं, धूर जवळजवळ नाहीच. दर रविवारी मग दोघींवर एकेक वांगं चढायचं आणि माझ्या दाराची बेल वाजायची. मला वाटायचं, या माणसाला काही उद्योग नाही. अहो, घ्या नाहीतर परत करा, एवढा घोळ कशाला?

एका दुपारी जिन्यात जळकट वास आला. धावत खाली गेले तर घरभर करपट वास. गॅसवर दुधाचं पातेलं कोळसा झालेलं आणि त्याच्या हातभर अंतरावर, त्याकडे पाठ करून, भंगाळेकाकू शांतपणे मटार सोलत बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "ये ना माय, बस. चहा टाकते."

मी गॅस बंद केला, तेव्हा कुठे त्यांनी पातेल्याकडे पाहिलं. मग रडल्या. मागच्या थंडीत त्यांना मोठा ताप आला होता, तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. ना फोडणीचा वास, ना साबणाचा, ना गॅसचा. जिभेलाही मग काही कळेना. जेवायचं म्हणजे ओला कापूस चावल्यासारखं, म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले होते, येईल, कदाचित नाहीही येणार. इतके महिने मी त्यांना बारीक झालेलं बघत होते आणि हवा मानवली नसेल म्हणत होते. काकांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. काकूंनीच बजावलं होतं, लोक हातचं खायला बिचकतील म्हणून.

तेव्हा मला त्या दोन ग्रिलचा घोळ कळला. काकांच्या डोक्यात बसलं होतं की जो वास माणसानं लहानपणापासून घेतलाय तो सगळ्यात आधी परत येईल, फक्त तो तेवढा जोरदार पाहिजे, पार वरच्या मजल्यावर मला येईल इतका. तेवढा जोर म्हातारीच्या धुरात होता. पण म्हातारी गॅस गळायची. खटका बंद केला तरी कुठूनतरी सूं करत राहायची. मनीमाजऱ्याच्या मिस्त्रीनं हात टेकले होते, म्हणाला, "इसका पार्ट अब नहीं मिलता जी." ज्या घरात बाईला गॅसचा वास येत नाही त्या घरात ही ठेवायची कशी? काका दर वेळी साबणाचा फेस लावून नळी तपासायचे, सिलिंडर काढून ठेवायचे, ऑफिसातून दुपारी उगाच फोन करायचे. नवरी सुरक्षित होती, पण तिला धूर नव्हता. एकीला ठेवावं तर जिवाला घोर, दुसरीला ठेवावं तर आशा सोडल्यासारखं. हे कळल्यावर मला माझी चिडचिड फार टोचली.

पुढच्या रविवारपासून मी बेलची वाट बघायला लागले. काका काकूंना अंगणात खुर्चीवर बसवायचे, डोळे मिटायला सांगायचे आणि फोडलेलं गरम वांगं नाकाखाली धरायचे. एकदा हे, एकदा ते. काकू मनापासून श्वास ओढायच्या. "नाही हो." मग काका म्हणायचे हवा उलटी होती, किंवा वांगंच निबर होतं, आणि पुढचं तोडायला वाफ्यात शिरायचे. काकू डोळे उघडून त्यांच्या पाठीकडे बघत राहायच्या. त्यांचं ते बघणं मला सोसायचं नाही. मी काहीतरी कारण काढून वर निघून यायची.

दिवाळी झाली. सरदारजींनी ऑफर आपल्या मनानं लांबवत नेली होती, पण शेवटी कंपनीचा माणूस हिशेब मागायला लागला. सोमवारी टेम्पो पाठवतो, सरदारजी म्हणाले, दोघींतली एक चढवून द्या. काकांनी त्या आठवड्यात झोप सोडली असावी. पहाटे अंगणात खुडबुड ऐकू यायची. ऑफिसला जाताना एकदा चक्क काकूंच्या चपला घालून निघाले होते.

त्या रविवारी बेल वाजली. मी तोंड उघडायच्या आतच काका म्हणाले, "पक्कड आहे का मॅडम? पाइपाची क्लिप अडकली भो." पक्कड घेऊन त्यांच्यामागे खाली गेले. दोन्ही ग्रिल गार, अजून पेटवलेल्याच नव्हत्या. सिलिंडर बाजूला. ताटात तेल चोपडलेली, टोचे मारलेली वांगी, कच्ची. शेवटची तोड होती ती. वाफ्यात थंडीनं झाडं काळवंडली होती. काका गुडघ्यावर बसून क्लिपशी झटायला लागले.

स्वयंपाकघराच्या जाळीच्या दारातून काकूंचा आवाज आला. "अहो, ऐकलं का? आज वास आला बरं का."

काकांचे हात थांबले. काकू आत ओट्यापाशी भाकरी थापत होत्या, थापण्याचा आवाज येत होता. अंगण त्यांना तिथून दिसत नव्हतं.

"कुणाचा?" काकांनी विचारलं.

"नवरीचाच. चांगला आला. तीच ठेवा आता. उद्या त्या जुनीला देऊन टाका आणि निवांत व्हा जरा."

माझी जीभ तशी थांबणारी नाही. मी काही बोलणार तेवढ्यात काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि नको अशी मान हलवली. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि चेहऱ्यावर एक भलतीच घाई होती.

"हो," त्यांनी आत ओरडून सांगितलं. "नवरीचाच आहे."

मी पक्कड पुढे केली. त्यांनी क्लिप ओढून काढली, पाइप नवरीला बसवला, फेस लावून बघायलाही थांबले नाहीत. वांगी भराभर जाळीवर मांडली, बटण दाबलं, झाकण उघडंच ठेवलं. आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. काकू हात धुऊन बाहेर यायच्या आत थोडा तरी धूर व्हायला हवा होता, म्हणून भंगाळेकाका गॅसच्या शेगडीला वर्तमानपत्रानं वारा घालत होते.