बारा माणसांचं कोनफळ

आमच्या पोनपे बेटावर खोटं बोलणारा माणूस औषधालाही सापडायचा नाही. कोनफळाचा विषय तेवढा सोडायचा.

कोनफळाबद्दल जे बोलतात त्याला खोटं म्हणत नाहीत, संस्कार म्हणतात. चार धडधाकट माणसांनी दांड्याला टांगून न्यावं असलं धूड ज्याच्या मळ्यात जमिनीखाली पोसलंय, तो चारचौघांत सांगतो, "यंदा काय, भाजीपुरतं लागलंय." ऐकणारा हळहळतो आणि मनातल्या मनात चार माणसं मोजतो. कोनफळ मोजायचं ते माणसांवर: दोन माणसांचं, चार माणसांचं, सहा माणसांचं. सणाला ते गावप्रमुखापुढे नेऊन ठेवायचं, आणि ज्याचं मोठं त्याचा मान मोठा. तोवर त्याच्या वेलाकडे दुसऱ्या कुणी बघायचंसुद्धा नाही. त्यापेक्षा शेजाऱ्याच्या न्हाणीघरात डोकावलेलं लोक एक वेळ माफ करतील.

एवाल्ड कोलोनिया शहरातल्या शाळेत गणित शिकवायचा. जन्म शहरातला, मळा नाही, वेल नाही, पण कोनफळाच्या या भाषेचा आपण तज्ज्ञ आहोत अशी त्याची पक्की समजूत होती. त्याने तिचं कोष्टकच केलं होतं. ‘ठीक आहे’ म्हणजे काही पिकलेलं नाही. ‘लहानसं’ म्हणजे दोन माणसं. ‘बोटभर’ म्हणजे चार. ‘दाखवायची लाज वाटते’ म्हणजे सहा. सहाच्या पुढे कोष्टक जात नव्हतं, कारण इतकी लाज वाटलेला माणूस अजून त्याला भेटला नव्हता.

शाळेला सुट्टी लागली तसा तो बायकोला, सेलिहनाला घेऊन सासुरवाडीला दोलेपेईत आला. दोलेपेई हे किनाऱ्यावरचं गाव इतकं शांत, की दुकानातला फ्रीज बंद पडला तर लोक घराबाहेर येऊन काय झालं म्हणून विचारतात. ओहोटीला खाजणातले खेकडे चालतात त्याचा आवाज ओसरीवर ऐकू येतो. चार दिवस नुसतं लोळायचं, दुपारी मासे आणि उकडलेला नीरफणस खायचा, संध्याकाळी साकाऊ, म्हणजे कुटलेल्या मुळांचा रस, पिऊन जीभ बधिर करून घ्यायची, एवढाच एवाल्डचा बेत होता.

पण शनिवारी सण होता, आणि या सणात सासऱ्यांचं, म्हणजे लोरिनबाबांचं बरंच काही अडकलेलं होतं. गावातली एक मानाची उपाधी काही महिन्यांपूर्वी रिकामी झाली होती. बाबा अकरा वर्षं तिच्या रांगेत होते आणि अकरा वर्षं शेजारचा किलियोन त्यांच्यापेक्षा एक माणूस मोठं कोनफळ आणत होता. बाबांचं तीन माणसांचं, तर त्याचं चार. बाबांचं चार, तर त्याचं पाच. यंदा बाबांचं वय एकाहत्तर. यंदा नाही तर नाहीच, हे सगळ्या घराला ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

कोनफळ वाहायला माणसं जमवायची ती जावयाने. एवाल्डने बुधवारी संध्याकाळी विषय काढला. बाबा जाळं विणत बसले होते.

"बाबा, शनिवारला किती माणसं सांगू?"

"माणसं कशाला?" बाबा म्हणाले. "मी आणीन एका हातात."

एका हातात! एवाल्डचं कोष्टक संपलं होतं. त्याने रात्रीच्या जेवणाला बसता बसता पुढची ओळ आखली: ‘एका हातात’ म्हणजे आठ.

गुरुवारी सकाळी बाबांनीच त्याला बाजूला घेतलं. माणसं जमवू नकोस, उगीच हसं होईल, असं ते म्हणाले. गुडघ्याच्या दुखण्याने यंदा लावायलाच उशीर झाला, त्यात खाली खडक लागला, मग पावसाने वेल पिवळा पडला, असं त्यांनी एकेक करून सगळं सांगितलं. एवाल्ड गहिवरून ऐकत राहिला. आजवर त्याने अनेक नम्र माणसं पाहिली होती, पण नम्रतेसाठी खडक रचणारा माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होता. त्याने आठाचे दहा केले आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन माणसं सांगून आला.

"बाबा खरंच बोलत असतील तर?" सेलिहनाने भांडी घासता घासता विचारलं.

"कोनफळाबद्दल?"

"हो."

"तुझ्या वडिलांबद्दल असं बोलवतं तरी कसं तुला?" एवाल्ड म्हणाला, आणि तो खरोखरच दुखावला होता.

दहा माणसं सांगितल्याची बातमी गावात पसरायला दुकानापासून धक्क्यापर्यंत चालायला लागतो तेवढा वेळ लागला. संध्याकाळी ज्या घरी साकाऊ कुटत होते तिथे बाबा गेले तर लोक सरकून जागा द्यायला लागले. बाबांना घाम फुटला. त्यांनी सगळ्यांसमोर, आपण चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो याची आठवण करून देऊन, देवाची शपथ घेतली की कोनफळ हाताएवढंच आहे. सभेत कौतुकाची कुजबुज झाली. कोनफळासाठी देवाला मध्ये आणण्यापर्यंत अजून कुणाची मजल गेली नव्हती. किलियोन आपली वाटी अर्धी ठेवून उठला. एवाल्डने दहाचे बारा केले.

शुक्रवारी बाबांनी शेवटचा उपाय केला. त्यांनी जावयाचं मनगट धरलं आणि म्हणाले, "चल मळ्यात. दाखवतो."

एवाल्डला काय करावं सुचेना. स्वतःचं कोनफळ स्वतःहून दाखवणं हे दोलेपेईत कुणी ऐकलेलंही नव्हतं. म्हातारा आपली परीक्षा बघतोय, जावई शहरात वाढला तरी त्याला रीत कळते की नाही हे तपासतोय, हे त्याच्या लख्ख ध्यानात आलं. नाही म्हणणं म्हणजे सासऱ्याचा अपमान आणि बघणं म्हणजे त्याहून मोठा. म्हणून त्याने डोळे घट्ट मिटून घेतले आणि मळ्यापर्यंत बाबांच्या हाताला धरून ठेचकाळत गेला.

"बघ," बाबा म्हणाले.

"केळी छान आलीत," एवाल्ड मिटल्या डोळ्यांनी म्हणाला.

"अरे, खाली बघ. हा वेल बघ केवढासा आहे."

"वारा पण छान आहे, बाबा."

"जावईबापू," बाबा दात आवळून म्हणाले, "डोळे उघडा."

एवाल्डने मान आदराने आणखी खाली घातली. डोळे काही उघडले नाहीत. परत येताना बाबांनी त्याचा हात धरला नाही, त्यामुळे तो डुकरांच्या कुंपणात पडला. पण परीक्षेत पास झाल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर चिखलातूनही दिसत होतं.

त्या दिवशी गावात बरंच काम झालं. खाजणातलं एक सरळसोट झाड पाडून बारा खांद्यांचा दांडा सोलून तयार केला. मळ्याची पायवाट रुंद केली. चर्चच्या कुंपणाचे दोन खांब वळणावर आड येत होते, ते पाद्रीबाबांनी स्वतः उभं राहून काढून दिले. किलियोनची दाढ दुपारी अचानक दुखायला लागली आणि तो मिळेल त्या गाडीने कोलोनियाला निघून गेला. ज्यांची ज्यांची म्हणून कोनफळं होती, त्या सगळ्यांनी ती यंदा कोवळी आहेत, जमिनीतच राहू देत, असं ठरवलं. बारा माणसांच्या शेजारी आपलं दोन माणसांचं ठेवायची हौस कुणाला?

शनिवारी सकाळी बारा माणसं अंगाला खोबरेल चोपडून हजर झाली. बाबा गुडघ्यावर बसले आणि कुदळ न घेता, नारळाच्या करवंटीने उकरायला लागले. बाराजण दांडा धरून उभे. थोड्या वेळाने बाबांनी हात घातला आणि कोनफळ बाहेर काढलं.

ते एका हाताएवढं होतं. कोपरापासून मनगटापर्यंत.

दुसऱ्याच्या कोनफळाच्या आकाराबद्दल तोंडावर बोलायचं नाही, ही रीत. बाराजण दांड्याकडे निरखून बघायला लागले. शेवटी बाराजणांतला सगळ्यात वयस्कर माणूस घसा साफ करून म्हणाला, "जपून बांधा रे."

त्यांनी ते दांड्याच्या मधोमध बांधलं. बारा खांदे दांड्याखाली गेले. मागच्या चौघांना ते दिसतही नव्हतं. चढावर जड ओझ्याला म्हणायची आरोळी असते, ती त्यांनी म्हटली, कारण रुंद केलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना अख्खं गाव उभं होतं आणि आरोळी न देता जाणं बरं दिसलं नसतं. चर्चच्या वळणावर दांडा सफाईने फिरला. एवाल्ड सगळ्यांच्या मागून चालत होता आणि एक भागिले बारा असा हिशेब त्याच्या डोक्यात पुन्हा पुन्हा होत होता. उत्तर दर वेळी तेच येत होतं.

सणाच्या मंडपात दांडा खाली ठेवला. भाजलेली डुकरं होती, भाताच्या गोण्या होत्या, कोनफळ हे एवढं एकच. बाबा खाली मान घालून बसले. अकरा वर्षं त्या कोनफळाशेजारी बांधून ठेवल्यासारखी दिसत होती. सेलिहनाने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं एवाल्डला वाटलं.

प्रमुख उठून कोनफळापाशी आले. मग ते बोलायला लागले. आपल्या बापजाद्यांची नम्रता आता उरली नाही, जो तो मोठ्यात मोठं उपटून आणतो आणि तोंडाने लहान म्हणतो, असं त्यांनी सांगितलं.

"बारा माणसांचं जमिनीत ठेवून," ते म्हणाले, "त्याचं पिल्लू घेऊन येणारा माणूस मी या मंडपात आज पाहतोय."

बाबा ताडकन उठले. "नाही, नाही. एवढंच होतं. दुसरं काही नाही तिथे."

मंडपातून एक दीर्घ हुंकार उमटला. मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. प्रमुखांनी हात वर करून बाबांना आणखी नम्र होण्यापासून थांबवलं आणि उपाधी जाहीर केली.

घरी परतताना लोक वाटेत बाबांना नव्या उपाधीने हाक मारत होते आणि मळ्याच्या बाजूला मुद्दाम पाठ करून उभे राहत होते. पुढच्या सणाला ते मोठं आणाच, असं बाराजणांनी आत्ताच सांगून ठेवलं. त्यांचे खांदेही दुखत होते म्हणे. बाबा सगळ्यांपुढे हसून मान डोलावत होते. फाटकापाशी आल्यावर त्यांनी एवाल्डच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी सुट्टीला कोलोनियातच राहा."

कोनफळ त्याच संध्याकाळी प्रमुखांच्या घरी उकडलं. आतून किडकं निघालं, म्हणून सगळ्यांनी भात खाल्ला.