दुसऱ्या पिस्टनचा मान

कऱ्हाडच्या अनंतराव हर्डीकरांनी आपल्या जुन्या मोटारीचे इंजिन शिकण्याच्या हौसेने घरच्या व्हरांड्यात उघडले, त्याच्या चौथ्या दिवशी त्यातील दुसऱ्या पिस्टनने मानाच्या क्रमाविषयी तक्रार केली आणि ती लिहून घ्यावी अशी विनंती केली.

अनंतराव निवृत्त भूमापक. लिहून घेण्याचा त्यांना कंटाळा नव्हता. पूजा आटोपून ते पाटावर बसले, वही उघडली आणि मिती घातली: आश्विन शुद्ध तृतीया.

चूक म्हटली तर त्यांचीच होती. चारही पिस्टन आपापल्या जागी परत जावेत म्हणून त्यांवर खूण करावी, असे पुस्तकात लिहिले होते. दुसऱ्या कोणी खिळ्याने ओरखडे काढले असते. अनंतरावांनी त्या चौघांना रॉकेलने न्हाऊ घालून धुवट पंच्यावर बसवले आणि अष्टगंधाने एक, दोन, तीन, चार अशी बोटे ओढली. कपाळी गंध लागले की मानापमान आलाच. ज्याचा जन्म देवळाच्या उत्सवांत गेला, त्याला तरी हे उमगायला हवे होते.

"माझा क्रमांक दुसरा," पिस्टन सावकाश सांगू लागला, "आणि ठिणगी मला सर्वांत शेवटी. आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, आणि पंगत उठता उठता मी. पन्नास वर्षे मी बोललो नाही. आता गंध लावले आहेत, तेव्हा विचारणे भाग आहे."

निर्णय लागेपर्यंत चौघांपैकी कोणीही सिलिंडरात उतरणार नाही, असे पहिल्याने ज्येष्ठ या नात्याने जाहीर केले.

अष्टमी पाच दिवसांवर आली होती. अनंतरावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई यांच्या हातून तीन वर्षे कुलदेवीची ओटी भरली गेली नव्हती. गुडघ्यांमुळे एसटीची पायरी चढवत नव्हती. भाड्याची गाडी मिळाली असती. परंतु आपल्या हाताने जोडलेल्या गाडीतून यंदा अष्टमीला तुला डोंगरावर नेईन, असा संकल्प अनंतरावांनी हातावर पाणी घेऊन सोडला होता. खण आणि नारळ केव्हाच पितळी डब्यात जाऊन बसले होते.

ज्यांच्याकडून अनंतराव नटबोल्ट खोलायचे पाने उसने आणत, ते शेजारचे बाबालाल मिस्त्री येऊन पाहून गेले. त्यांना नवल वाटले नाही.

"काका, चौघांचं मिटतंय," ते म्हणाले. "ट्रकच्या सहा जणांत तट पडत्यात. तिथं मी हातच घालत न्हाई."

ठिणगीचा क्रम बदलला तर क्रँक मोडेल, हे त्यांनी बजावले. मात्र क्रमांक कोणत्या टोकाकडून मोजायचे हे मालकाच्या हाती आहे, असेही सुचवले. अनंतरावांनी मागच्या टोकाकडून मोजून पाहिले. दुसरा होता तो तिसरा झाला आणि त्याची पाळी लगेच पहिल्याच्या मागोमाग आली. तो समाधान पावला. तेवढ्यात जो आजवर तिसरा होता आणि आता दुसरा होऊन शेवटी गेला होता, त्याने याच पानावर आपलीही तक्रार नोंदवावी, असे नम्रपणे म्हटले.

तेव्हा देवळातल्यासारखी पाळी लावावी, असे ठरले: एक खेप पुढून मोजायची, एक मागून. पहिल्याने फक्त एक बाब ध्यानात आणून दिली. मागून मोजायचे तर मागची बाजू हेच गाडीचे तोंड ठरते; त्या खेपेस गाडी मागेच चालेल. यात कोणाला काही वावगे दिसले नाही. तक्रार आधी दुसऱ्याची, म्हणून पहिली खेप मागूनची, असे अनंतरावांनी लिहिले आणि वाचून दाखवले.

स्वयंपाकघरातून अन्नपूर्णाबाई बाहेर आल्या.

"अहो, देवीकडे पाठ करून मी वर जायचं? तीन वर्षांनी जाणार आहे मी. त्यापेक्षा इथूनच हात जोडीन."

अनंतरावांनी टाक खाली ठेवला. खण-नारळाचा डबा परत फडताळात जातो की काय, अशी त्यांना धास्ती वाटली. बाई मात्र स्टुलावर टेकल्या आणि सरळ दुसऱ्या पिस्टनशी बोलू लागल्या.

"दर्शन झाल्यावर देवीकडे पाठ फिरवून कोणी येतं का, बाबा? मागे मागेच यायचं असतं. जाताना तिसऱ्याचा मान राहू दे. येतानाचा तुझा."

दुसऱ्याने थोडा विचार केला. येताना गाडीत प्रसाद असेल काय, असे त्याने विचारले. असेल, असे बाईंनी सांगितले. तो सिलिंडरात उतरून बसला, पाठोपाठ तिघेही.

अष्टमीला ओटी भरली गेली. देवळाखाली अनंतरावांनी बॉनेटवर गंधाची बोटे उलट क्रमाने ओढली आणि गाडी देवीकडे तोंड करून डोंगर उतरू लागली. बाईंना कळस समोरच्या काचेतून घाटाच्या वळणापर्यंत दिसत राहिला. नाक्यावर हवालदाराने हात केला आणि कोठून येता, असे विचारले.

"देवीहून," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"मग बरोबर आहे," हवालदार म्हणाला. त्याने प्रसाद घेतला आणि मागून येणाऱ्या गाड्यांना बाजूला व्हायला लावले.