एक छेद तीस

तांबेगावच्या रविवारच्या बाजाराचा एक फोटो तीस सेकंद चालला, आणि त्या तीस सेकंदांत रस्त्याने चालत असलेली चौदा माणसं गावातून नाहीशी झाली. फोटो शालनबाई भोईटे यांनी काढला होता. चौदांतले एक त्यांचे यजमान होते, सर्जेराव, पाटबंधारे खात्यातले निवृत्त पाटकरी.

जे बसलेले होते ते राहिले. भाजीवाल्या राहिल्या, पारावरचे पेन्शनर राहिले, आणि गुळाच्या दुकानापुढे झोपलेलं कुत्रं तर पहिल्यापेक्षा ठसठशीत झालं. यात नवल काहीच नव्हतं. शटर जितका वेळ उघडं असतं तितका वेळ जो एका जागी टिकत नाही तो फोटोत उमटत नाही, आणि तांबेगावात जो फोटोत उमटत नाही तो गावात राहत नाही. नगरपालिकेच्या दारावर तसा फलक आहे, पण फलक वाचून शहाणा झालेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

शालनबाईंना फोटोचा नाद लागला तो साठीत, लेकीने जुना कॅमेरा दिल्यावर. वाचनालयाच्या माडीवर स्टुडिओवाल्या गुजरांचा नवशिक्यांसाठी वर्ग भरायचा, तिथे त्या जायच्या. कॅमेऱ्यावरची गोल चकती ऑटोवर असली की सगळं कॅमेरा ठरवतो, आणि एस या अक्षरावर आणली की शटर किती वेळ उघडायचं ते आपण ठरवायचं, एवढं त्यांना पाठ झालं होतं. त्या रविवारी त्यांनी चकती एसवर आणली. त्यांना सेकंदाचा तिसावा भाग हवा होता. आता हा कॅमेरा तिसावा भाग नुसता तीस असा दाखवतो, आणि पुरते तीस सेकंदही तीस असेच दाखवतो, फक्त आकड्याच्या डोक्यावर दोन बारक्या रेघा देऊन. त्या रेघा शालनबाईंना काचेवरची घाण वाटली. त्यांनी ती पदराने पुसली, गेली नाही, तेव्हा सोडून दिली.

शिवाय त्यांनी स्टॅबिलायझेशन चालू केलं होतं. म्हणजे आता काही हलणार नाही, असा त्यांचा समज होता. कॅमेरा पाणपोईच्या कठड्यावर ठेवून त्यांनी हाक मारली.

"अहो, तिकडनं चालत या."

"थांबू का?" सर्जेरावांनी विचारलं.

"थांबू नका. चालत ऱ्हावा. माणूस आपल्या चालीनं चालला की फोटो झ्याक येतो."

हे दोघांमधलं शेवटचं बोलणं.

नगरपालिकेत फोटोपायी नाहीशा झालेल्यांचा विभाग काळुखे नावाचे कारकून पाहत. शालनबाईंनी अर्जासोबत दिलेला फोटो त्यांनी खिडकीकडे धरून नीट पाहिला.

"यात तुमचे यजमान दिसत नाहीत."

"न्हाईतच ते, सायेब."

"मग अर्ज बरोबर आहे," काळुखे म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला. "आता नियम ऐका, मावशी. तीन बाजारांच्या आत माणूस परत घ्यायचा. त्याच जागी, त्याच वेळी, अकरा वाजून दहा मिनिटांनी दुसरा फोटो काढायचा. घरच्यांची सही लागते. तिसरा बाजार उलटला की तो माणूस मुळात नव्हताच असं धरलं जातं. मग तुमच्या नावापुढे दुसरं नाव लावायचं की मोकळं सोडायचं, ते तुम्ही सांगायचं."

पहिल्या बाजारी सह्या गोळा होण्यातच अकरा दहा होऊन गेले. दुसऱ्या बाजारी गुजर सरांनी स्वतः कॅमेरा धरला. शटर एक छेद हजार सेकंदावर ठेवलं आणि तेरा माणसं परत आणली. सगळी अगदी लख्ख आली. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. पण सेकंदाचा हजारावा भाग इतका बारीक, की त्यात कुणी चालत नाही. तेराही जण एक पाऊल उचललेल्या अवस्थेत आले आणि तसेच राहिले. घरच्यांनी त्यांना हातगाड्यांवरून घरी नेलं.

आकड्यांवरचा विश्वास उडाल्यामुळे शालनबाईंनी सही केली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या तेरांतल्या एकाच्या, कासारांच्या घरी गेल्या. नवरा दारात एका पायावर उभा होता. श्वास चालू होता, डोळ्यांत ओळख होती, पाऊल तेवढं खाली येत नव्हतं. बायको त्याचा चेहरा ओल्या फडक्याने पुसत होती.

"सही करून टाका, अक्का," ती म्हणाली. "घरात माणूस हाय एवढं तरी वाटतं. उन्हाचं मी चादर टाकते अंगावर."

शालनबाई चहा घेऊन उठल्या. ज्या माणसाने सव्वीस वर्षं रोज पाटाच्या कडेने बारा किलोमीटर चालून शेताशेतांना पाणी सोडलं, त्याला चादरीखाली उभा करायचा, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. वाटेत त्यांना रडू आलं आणि त्या भर रस्त्यात, कुणाची भीडभाड न ठेवता रडल्या.

तिथून त्या थेट गुजर सरांच्या स्टुडिओत गेल्या.

"चालता माणूस चालताच यावा, असं काही हाय का न्हाई तुमच्या शास्त्रात?"

"आहे," गुजर म्हणाले. "माणूस ज्या वेगाने चालतो त्याच वेगाने कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवायचा. पाय रोवून, कमरेतून. शटर एक छेद तीस. माणूस स्पष्ट येतो आणि मागचं सगळं आडवं ओढलं जातं."

"आणि ते हलू न देणारं? ते चालू ठेवायचं का?"

"ते तुमचा हात सांभाळतं, काकू, माणसं सांभाळत नाही. पहिल्याच तासाला सांगितलं होतं."

"तवा मी चहा वतत हुते सगळ्यांना."

गुजर थोडे ओशाळले. त्यांनी कॅमेरा घेऊन स्टॅबिलायझेशन दुसऱ्या खुणेवर सरकवलं. या खुणेवर ते वर-खाली होणारा हात सावरतं आणि आडवं फिरणं मोकळं सोडतं.

"पण काकू, ज्याच्याबरोबर फिरायचं तो दिसायला तर हवा. यजमान दिसतात का तुम्हाला?"

"चौतीस वर्सं मागनं चालतीय मी त्यांच्या," शालनबाई म्हणाल्या. "दिसायला कशाला पायजेत?"

हे खरं होतं. सर्जेराव कायम बायकोच्या चार पावलं पुढे चालत, आणि मागे वळून पाहणं त्यांना ठाऊक नव्हतं. बाजारपेठेत गुळाच्या दुकानापुढे गटाराचं एक सिमेंटचं झाकण वर आलेलं होतं. तिथे आले की ते जरा हळू होत आणि मान न वळवता म्हणत, "झाकण हाय." अख्ख्या बाजारात नवरा-बायकोत तेवढंच बोलणं व्हायचं.

बाजारपेठ ओढली जाणार म्हणून नगरपालिकेने हरकती मागवल्या. गूळवाल्याने घेतली. दुकानाची पाटी ताणली गेली तर गिऱ्हाइकाने वाचायचं काय, असा त्याचा सवाल होता. शुक्रवारी तो कासारांच्या दारावरून गेला, आणि परत येऊन त्याने हरकत मागे घेतली. पाच दिवस शालनबाई अंगणात पाय रोवून, बटण न दाबता, रिकाम्या हवेमागे कॅमेरा फिरवत राहिल्या. शेजारणी म्हणाल्या, भोईटीणबाईंचं डोकं फिरलंय. फिरत होती ती कंबर.

तिसऱ्या रविवारी रस्ता मोकळा केला. भाजीवाल्या पाट्या घेऊन मागच्या बोळात बसल्या, कुत्र्याला उचलून नेलं. काळुखे घड्याळ आणि नोंदवही घेऊन पाणपोईपाशी उभे राहिले. शालनबाईंनी चकती एसवर आणली, आकडा तीस केला, डोक्यावर रेघा नाहीत हे तीनदा पाहिलं आणि गुजरांनाही पाहायला लावलं.

"अकरा दहा," काळुखे म्हणाले.

रस्त्यावर कुणी नव्हतं. शालनबाईंनी पाराजवळ कॅमेरा रोखला, आणि पाय रोवून कमरेतून फिरू लागल्या. सर्जेरावांचं पाऊल डोळ्यांना दिसत नव्हतं, कमरेला कळत होतं. शिंप्याच्या दुकानापाशी ते टोपी सारखी करतात, तेवढा क्षण गेला. पाणपोईची सावली आली की ते लांब टांगा टाकतात, तिथे कॅमेराही भरभर फिरला. मग गुळाचं दुकान आलं, आणि त्यांची कंबर आपोआप हळू झाली.

आणि तिथेच त्यांच्या ध्यानात आलं. सव्वीस वर्षं पाटाच्या पाण्याच्या तीन हात रुंद चाऱ्या एका ढांगेत ओलांडणारा माणूस, त्याला एवढ्याशा झाकणाची काय मातब्बरी? ते झाकणासाठी हळू होत नसत. मागच्या बायकोपासूनचं चार पावलांचं अंतर तीन करून घेत.

शालनबाईंचे डोळे भरून आले. पण कंबर थांबली नाही, आणि त्या सावकाशीतच त्यांनी बटण दाबलं.

सर्जेराव झाकणावर होते. पाऊल खाली आलं, दुसरं उचललं गेलं, तेही खाली आलं. मान न वळवता ते म्हणाले, "झाकण हाय."

"आले, आले," शालनबाई म्हणाल्या आणि कॅमेरा गळ्यात टाकून धावल्या.

काळुख्यांनी वहीत लिहिलं: माणूस स्पष्ट, बाजारपेठ आडवी ओढली गेली. ती खरोखरच ओढली गेली होती. दुकानं, खांब, पाट्या सगळं डावीकडून उजवीकडे लांब लांब रेघांनी ताणलं गेलं होतं, आणि ते आजही तसंच आहे. गिऱ्हाइकं वासावरून गूळवाला शोधतात. नगरपालिकेने घरपट्टीत फरक केलेला नाही.

सर्जेरावांनी इकडेतिकडे पाहिलं.

"बाजार का असा झालाय?"

"हलला," शालनबाई म्हणाल्या.

त्यांनी मान डोलावली. बाकीच्या वस्तूंबरोबर ते झाकणही ताणलं गेलं होतं. एका टोकाला पार आणि दुसऱ्या टोकाला कालव्याचा पूल, एवढ्या अख्ख्या रस्त्यावर आता तेच एक झाकण पसरलेलं आहे. त्यामुळे सर्जेराव हल्ली बाजारपेठेत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत हळूच चालतात, आणि शालनबाई त्यांच्या शेजारून चालतात.