दोन कुंपणं आणि दीड हात जागा

मंगळवारी सकाळी दात घासत परसात आलेल्या बरंबऱ्यांना शेजारच्या बाईंचं स्वयंपाकघर अगदी समोर दिसलं. खिडकी दिसली, खिडकीतली बरणी दिसली, बरणीचं लाल झाकणसुद्धा दिसलं. इतकं स्वच्छ ते आजवर कधीच दिसलं नव्हतं, कारण मध्ये कुंपण असायचं. आजही होतं, पण आडवं. बाईंच्या फुलझाडांच्या वाफ्यावर ते या टोकापासून त्या टोकापर्यंत पालथं पडलं होतं.

बरंबऱ्यांच्या तोंडातला फेस तसाच गिळला गेला.

बरंबरे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. बंदरातल्या कचेरीत ते बोटींच्या येण्याजाण्याची नोंद ठेवायचे आणि कुणीही काहीही सांगितलं की "बरं बरं" म्हणायचे. दुसऱ्याची सुट्टी अडवायला म्हणून जायचे आणि स्वतः रविवारी कामावर यायचं कबूल करून परतायचे. कचेरीने त्याचंच आडनाव करून टाकलं, त्यालाही ते बरं बरंच म्हणाले होते.

आणि शेजारच्या बाई म्हणजे त्यांच्या सातवीच्या वर्गशिक्षिका. त्याला आता एकोणचाळीस वर्षं झाली, बाई निवृत्त होऊनही जमाना लोटला, पण बाईंचं दार वाजलं की बरंबऱ्यांचा हात अजूनही शर्टाच्या वरच्या बटणाकडे जायचा.

"अहो, पडायचंच होतं ते," त्यांची बायको खांबाच्या बुडाला पायाने टोकरत म्हणाली. लाकडाचा भुगा झाला. "दोन गल्ल्यांवर समुद्र. बारा महिने हवा ओली. खालून कुजलंय, वरून वाळवी. बाईंना सांगून टाका आणि नवीन घाला."

"सांगतो," बरंबरे म्हणाले आणि जीव मुठीत धरून बाईंच्या दाराशी गेले. दाराला कुलूप होतं. समोर पेपर टाकणारा भेटला.

"बाई सकाळीच गेल्या बहिणीकडे. शुक्रवारी संध्याकाळी येणारेत. फार घाईत होत्या."

"काही बोलल्या?"

"काहीच नाही बोलल्या."

ही खूण बरंबऱ्यांना शाळेपासून ठाऊक होती. बाई रागावून बोलल्या तर तास संपायच्या आत विसरायच्या. बाई काहीच बोलल्या नाहीत, की दुसऱ्या दिवशी वडिलांना घेऊन यावं लागायचं. बरंबऱ्यांचे वडील आता हयात नव्हते. म्हणजे बाई आता कुणाला बोलावतील? वकिलाला?

शुक्रवार संध्याकाळच्या आत नवीन कुंपण उभं राहायलाच हवं होतं.

कचेरीला जाताना ते सुतारकाकांच्या वखारीत शिरले. जुनं कुंपण सुतारकाकांनीच घातलेलं. त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते दोन्ही कानांच्या वाटचं बोलायचे.

"लाकूडच घ्या साहेब! मागच्या खेपेला खांब थेट मातीत पुरले, ती चूक झाली. आता सिमेंटच्या पायावर उभे करतो, खाली पाणी साचणारच नाही. गंजणार नाहीत असे स्क्रू. वर्षाला एकदा तेलाचा हात मारा, नातवंडं बघतील ते कुंपण! शुक्रवारी येऊ?"

"बरं बरं," बरंबरे म्हणाले.

संध्याकाळी घरी आले तर टेबलावर पांढऱ्याशुभ्र फळीचा एक तुकडा होता.

"व्हिनाइल. कुंपणाचं प्लास्टिक," बायको म्हणाली. ती टपाल कचेरीत होती आणि कुठल्याही गोष्टीवर एकदाच शिक्का मारायची. "कुजत नाही, वाळवी लागत नाही, फडक्याने पुसलं की झालं. त्या जुन्या कुंपणाला दर वर्षी तेल कोण लावायचं? मी. आता नाही लावणार. तो माणूस शनिवारी येतोय. सुतारकाकांकडे गेला नाहीत ना?"

"छे!" बरंबरे म्हणाले आणि फळीचा तुकडा उलटसुलट करून बघू लागले.

बुधवारी ते सुतारकाकांना नाही म्हणायला गेले. सगळा रस्ता ते "काका, माफ करा, पण" एवढं पाठ करत गेले. वखारीत पोचले तर खांब कापून, रंधा मारून, भिंतीला ओळीने टेकवून ठेवलेले. काकांनी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि फळ्यांची टोकं गोल हवीत की अणकुचीदार, असं विचारलं.

"काका, माफ करा, पण..." बरंबरे म्हणाले.

"काय?"

"...गोल," बरंबरे म्हणाले.

आता एकच उपाय उरला होता. व्हिनाइलवाल्याला थोपवायचं. गुरुवारी दुपारी त्यांनी कचेरीतून फोन केला. व्हिनाइलवाला इतका गोड बोलायचा की त्याच्यापुढे सुतारकाकांचा आरडाओरडा परवडला.

"साहेब, तुमचाच विचार करत होतो! शनिवारचं जरा..."

"जमत नाही का?" बरंबऱ्यांच्या जिवात जीव आला.

"शनिवारपर्यंत कशाला थांबायचं? खास तुमच्यासाठी उद्याच सकाळी येतो. चालेल ना?"

बरंबऱ्यांनी डोळे मिटले. तोंडातून जे निघायचं तेच निघालं.

शुक्रवारी त्यांनी तापाचं कारण सांगून रजा घेतली. बायको टपाल कचेरीत गेली आणि दहाच मिनिटांत फाटकात दोन टेंपो एकमेकांना नाक लावून उभे राहिले. एकातून पांढऱ्या फळ्या उतरल्या, दुसऱ्यातून तपकिरी.

"हे काय प्लास्टिक?" सुतारकाका गरजले. त्यांनी पांढऱ्या फळीवर टिचकी मारली. "आतून पोकळ! इथल्या उन्हात पिवळं पडेल, पावसात शेवाळ धरेल आणि कुठे तडा गेला तर अख्खी फळी फेकायची!"

"काका, रागावू नका," व्हिनाइलवाला हसतमुखाने म्हणाला आणि वाफ्यावर पडलेल्या जुन्या खांबात त्याने पेचकस खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला. "हे तुमचंच ना?"

सुतारकाकांचा चेहरा लालबुंद झाला. त्यांच्या हातात हातोडा होता. बरंबरे एक पाऊल मागे सरले.

"साहेब," दोघे एकदम वळून म्हणाले, "तुम्हीच सांगा!"

"द-दोघांचंही बरोबर आहे," बरंबरे म्हणाले.

हे बोलणं दोघांनीही शब्दशः घेतलं. सुतारकाका रस्त्याच्या टोकाकडून लागले, व्हिनाइलवाला परसातल्या विहिरीच्या टोकाकडून. कोण आधी मध्यावर पोचतं याची जणू शर्यतच लागली. खड्डे खणले गेले, सिमेंट ओतलं गेलं, खांबांना टेकू दिले गेले. बरंबरे मध्ये उभे राहून एकदा तपकिरीकडे बघत, एकदा पांढऱ्याकडे. पांढरं कुंपण तपकिरीपेक्षा वीतभर उंच होतं. हे काकांच्या लक्षात येऊ नये म्हणून ते दुपारभर काकांच्या समोर उभे राहिले.

साडेचार वाजता दोन्ही कुंपणं दीड हातावर येऊन थांबली.

"मी याच्या फळीला हात लावणार नाही," काका म्हणाले. "माझा स्क्रू बसला तर ती तडकेल."

"आणि माझ्या खाचेत यांचं लाकूड बसलं, तर फुगून खाच फाटेल," व्हिनाइलवाला म्हणाला. "साहेब, दीड हात तेवढं तुम्ही बघा."

दोघे आपापलं सामान आवरून निघून गेले. जाताना मात्र एकमेकांना टेंपो मागे घ्यायला मदत केली.

बरंबऱ्यांनी त्या दीड हात फटीत एक पाट उभा धरून पाहिला. तो पडला. कपडे वाळत घालायचा घोडा लावून पाहिला. त्यातून सगळंच दिसत होतं. तेवढ्यात पलीकडे गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला आणि कुलपात किल्ली फिरली. बरंबऱ्यांनी फळ्यांच्या उरलेल्या तुकड्यांमागे बसकण मारली.

चपलांचा आवाज वाफ्यापर्यंत आला आणि थांबला.

"कोण आहे तिथे?"

"हजर, बाई," बरंबऱ्यांच्या तोंडून निघून गेलं. ते उठले. वरचं बटण लावलेलं होतं, तरी त्यांनी चाचपून पाहिलं. "बाई, माझी चूक झाली. कुंपण कुजलं होतं, मी वेळेवर बघितलं नाही, तुमच्या वाफ्याची..."

बाई त्या फटीतून इकडेतिकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ती आहे का घरात?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण?"

"तुझी बायको रे!"

"कामावरून यायचीय अजून."

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "मग ऐक. कुंपण मी पाडलं. मंगळवारी कुंपणावरचा वाळलेला वेल ओढायला गेले, जरा जोरात ओढला, तर अख्खं कुंपण माझ्या अंगावर यायला लागलं. उडी मारली म्हणून वाचले. आणि मग... पळाले बहिणीकडे. जन्मभर मुलांना शिकवलं, चूक झाली तर पुढे येऊन सांगा. आणि स्वतः पिशवी भरून पळाले!"

"पण का, बाई?"

"दोन वर्षांपूर्वी माझी फांदी तुमच्या पत्र्यावर पडली होती, आठवतं? तुझ्या बायकोने काही म्हटलं नाही. नुसतं बघितलं माझ्याकडे." बाईंनी पदराने कपाळ टिपलं. "त्यापुढचंही ऐक. भरपाई म्हणून काहीतरी करावं, तर बहिणीने सिमेंटच्या फळ्यांचं कुंपण करणारा गाठून दिला. तो इतका भडाभडा बोलतो, की मला नको म्हणताच आलं नाही. माझ्या मागोमागच निघालाय."

रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू सांग त्याला, परत जा म्हणावं," बाई म्हणाल्या.

"मी? बाई, तुम्ही सांगा. तुमचा आवाज..."

"आवाज वर्गात होता रे!" भोंगा पुन्हा वाजला, तशा बाई फटीतून इकडे आल्या, त्यांनी बरंबऱ्यांचं मनगट धरलं आणि ओढून त्यांना फळ्यांच्या ढिगामागे नेलं. "खाली बस. हलू नकोस."

एकोणचाळीस वर्षांत बरंबऱ्यांना पहिल्यांदाच बाईंची भीती वाटली नाही. आता ते ट्रकवाल्याला घाबरत होते.

फाटक वाजलं. मागोमाग बायकोचा आवाज आला. बसमधून ती नेमकी ट्रकसमोर उतरली होती. पावलं परसापर्यंत येऊन थांबली. ती काय बघत असेल हे सांगायची गरज नव्हती. डावीकडे तपकिरी, उजवीकडे पांढरं, मध्ये घोडा.

"ताई, चाळीस फळ्या आहेत, एकदम मजबूत, तुम्हाला सांगतो, खारं वारं असो, पाऊस असो..." ट्रकवाला सुरू झाला.

"दोन खांब आणि चार फळ्या उतरवा," बायको म्हणाली. "या फटीत बसवा. बाकीच्या परत न्या."

"अहो पण ताई, ऑर्डर तर..."

बायको काहीच बोलली नाही.

"चार फळ्या," ट्रकवाला म्हणाला आणि मुकाट्याने मागे वळला.

ढिगामागे बाईंनी बरंबऱ्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"पाहिलंस?" त्या कुजबुजल्या. "आता तूच सांग, पळू नको तर काय करू?"